जपानात मूल वीस वर्षांचं होतंय? सेइजिनशिकीची तयारी, आमच्या चुकांसकट

जानेवारी २०२५, दुसरा सोमवार, पहाटेचे पावणेपाच. बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि मी एका सलूनमधे खुर्चीच्या कडेवर बसून बघतेय, तर एक साठीच्या बाई माझ्या लेकीच्या कमरेला टॉवेल गुंडाळतायत. एक झाला, दोन झाले, पाचवा टॉवेल पण गेला. पोरीची कमर बारीक म्हणून आम्ही इतकी वर्षं कौतुक केलं आणि इथे तीच कमर भरून काढून पोरीचा सरळसोट खांब करणं चालू, कारण किमोनो वळणांवर नीट बसत नाही, त्याला खालपासून वरपर्यंत एकसारखं अंग लागतं. मला आमच्या लग्नातली नऊवारी नेसवणारी मावशी आठवली, तीपण अशीच तोंडात पिना धरून "हलू नको गं" म्हणायची.

तर हे सगळं सेइजिनशिकीसाठी, म्हणजे मुलं सज्ञान झाल्याचा सोहळा. आमचं सगळं पार पडलं पण मधे इतके घोळ घातले की विचारू नका, आणि त्यानंतर तोक्योतल्या निशिकासाई भागातल्या दोघीतिघींनी फोन करून तेच तेच प्रश्न विचारले म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. मुलं इथेच वाढलेले आईबाबा आणि पुण्या-नागपूरहून शिकायला आलेली पोरंपोरी, दोघांनाही उपयोग होईल.

१) आधी १८ की २० हा गोंधळ मिटवा

एप्रिल २०२२ पासून जपानात सज्ञान व्हायचं वय १८ झालं. त्यामुळे आम्हाला वाटलं सोहळापण अठराव्या वर्षी, आणि मी लेक बारावीत असतानाच घाबरून दुकानं हुडकायला लागले होते. तसं नाहीये. अठराव्या वर्षीच्या जानेवारीत मुलांच्या युनिव्हर्सिटीच्या परीक्षा असतात, त्यामुळे बहुतेक सगळ्या शहरांनी सोहळा विसाव्या वर्षीच ठेवला आणि नाव तेवढं बदललं. आता पत्रावर बऱ्याच ठिकाणी "हाताची नो त्सुदोई" असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही आपली हाताची-पायाची नव्हे हां, वीस वर्षं वयाला जपानीत हाताची म्हणतात. लोक बोलताना मात्र अजून सेइजिनशिकीच म्हणतात.

वयाची विभागणी पण लक्षात ठेवा. अठराला मोबाईलचा करार, क्रेडिट कार्ड, घरभाड्याची सही, लग्न हे सगळं आईबापांच्या परवानगीशिवाय. दारू, सिगरेट आणि घोड्यांच्या शर्यतीवरचे पैसे मात्र वीसलाच. हे पुढे दोनदा उपयोगी पडणारे.

बाकी इतिहास थोडक्यात सांगते. जुन्या काळी मोठ्या घरातल्या मुलांचं गेनपुकु व्हायचं, म्हणजे केसांची ठेवण बदलायची, मोठ्यांचे कपडे आणि डोक्यावर एबोशी नावाची टोपी घालायची, लहानपणीचं नाव जाऊन मोठेपणीचं नाव मिळायचं. आपल्या मुंजीसारखंच वाटतं ऐकताना. मुलींचं मोगी असायचं. पण आजचा हा सरकारी सोहळा तितका जुना नाही. नोव्हेंबर १९४६ मधे साइतामातल्या वाराबी गावाने युद्धानंतर खचलेल्या तरुणांना उभारी द्यायला एक कार्यक्रम केला, तिथून हे सुरू झालं असं मानतात. १९४८ च्या कायद्याने १५ जानेवारीची सुट्टी ठरली आणि २००० पासून ती जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी गेली. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, म्हणजे संक्रांतीलाच की.

२) जन्मतारीख आणि पत्ता तपासा

इथे शाळेचं वर्ष धरतात, कॅलेंडरचं नाही. जानेवारी २०२७ चा सोहळा (११ तारीख) बहुतेक ठिकाणी २ एप्रिल २००६ ते १ एप्रिल २००७ मधे जन्मलेल्यांचा. म्हणजे फेब्रुवारी-मार्चवाली मुलं सोहळ्याच्या दिवशी एकोणीसचीच असतात. आमची लेक फेब्रुवारीतली, मी उगाच एक वर्ष पुढचं धरून बसले होते, शाळेतल्या मैत्रिणीच्या आईने सांगितलं तेव्हा कळलं की आपण वर्षभर मागे आहोत.

सुट्टी सोमवारची असली तरी कार्यक्रम त्याच दिवशी असेल असं नाही, बऱ्याच ठिकाणी आदल्या रविवारी करतात. निइगाताकडे किंवा तोहोकुत जिथे डोक्याइतका बर्फ पडतो तिथे काही गावं चक्क ऑगस्टमधे किंवा मेच्या सुट्टीत उरकतात. आपल्या शियाकुशोच्या (नगरपालिका) किंवा कुयाकुशोच्या (वॉर्ड ऑफिस) वेबसाईटवर तारीख बघूनच पुढचं काय ते बुक करा.

आमंत्रण पत्राने येतं, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात. ते जुमिनह्योवरच्या, म्हणजे रहिवासी नोंदणीतल्या पत्त्यावर जातं, पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे ते बघत नाहीत. त्यामुळे भाषा शिकायला आलेल्या परदेशी मुलांनाही येतं, शिंजुकुत तर २०१८ साली आमंत्रण गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे परदेशी होते. विद्यार्थ्यांनो, ते पत्र जाहिरात समजून फेकू नका.

आता सापळा. शरद ऋतूत घर बदललं असेल तर पत्र नव्या शहराकडून येतं, आणि पोराला जायचं असतं जुन्या गावाला, कारण खरी मजा ज्युनियर हायस्कूलच्या मित्रांना भेटण्यात असते. अशा वेळी जुन्या ऑफिसला फोन करून विचारा, बाहेर राहायला गेलेल्यांना अर्ज करून येऊ देणारी खूप शहरं आहेत, पण अर्जाची मुदत असते.

३) कपडे: इथेच सगळा वेळ आणि पैसा जातो

कार्यक्रम फुकट आहे आणि तासाभरात संपतो. तयारी मात्र दीड वर्षाची. हे प्रमाण मला अजूनही पटलेलं नाही, पण लेकीला हवं होतं त्यामुळे केलं.

मुली फुरिसोदे घालतात. म्हणजे मीटरभर लांब लोंबत्या बाह्यांचा किमोनो, फक्त लग्न न झालेल्या मुलींसाठी. म्हणून विकत घेण्याआधी दहा वेळा विचार करा, मैत्रिणींच्या लग्नांना वगैरे वापरता येतो पण स्वतःच्या लग्नानंतर तो कपाटातच. जपानी घरांत आईचाच फुरिसोदे मुलीला देतात, त्याला मामाफुरी म्हणतात. आपल्याकडे तो मार्ग नाही, माझ्याकडे पैठणी आहे.

आणि पैठणी चालते! कुठेही किमोनोची सक्ती नाही. साडी, सूट, साधा ड्रेस, काहीही. लेकीच्या ओळखीची एक नेपाळी मुलगी साडीतच आली होती, सगळे तिच्याबरोबर फोटो काढत होते. पैसे नाहीत म्हणून जाऊ नये असं अजिबात करू नका. फक्त साडी असेल तर वर जाड कोट हवाच, जानेवारीतली सकाळ आहे.

भाड्याने घ्यायचा असेल तर दीड-दोन वर्षं आधीपासून लोक बुक करतात. खरं सांगायचं तर लेक हायस्कूलमधे असतानाच घरी जाड जाड कॅटलॉग यायला लागले, फोन पण. चांगली डिझाईन्स आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पहाटेच्या बऱ्या वेळा आधी संपतात. उशिरा गेलात तर कपडा मिळेल पण नेसवायची वेळ पहाटे तीनची मिळेल, ही अतिशयोक्ती नाही.

दुकानात गेल्यावर युकी मोजून घ्या, म्हणजे मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचं माप. लेकीचे हात लांब आहेत, पहिला आवडलेला लाल किमोनो मनगटाच्या चार बोटं वर राहत होता. लांबीचं तेवढं टेन्शन नाही, जास्तीचं कापड कमरेपाशी दुमडतात, पण फार उंच मुलगी असेल तर दुमडायला कापडच उरत नाही, ते पण विचारा.

मुलांचं सोपं आहे. सूट घाला नाहीतर हाओरी-हाकामा, म्हणजे पुरुषांचा पारंपरिक पोशाख, भाड्याने घ्या, विषय संपला. किताक्यूशू शहरातल्या पोरांसारखे सोनेरी झगमगाटी कपडे आणि हातभर उंच केस करायची हौस असेल तर तुमचं तुम्ही बघा.

४) सही करायच्या आधी

"फुल सेट" या शब्दावर विश्वास ठेवू नका. आमच्या सेटमधे किमोनो, ओबी (कमरेचा रुंद पट्टा), झोरी (चपला), पर्स आणि पांढरी शाल होती. नेसवणं वेगळं, केस-मेकअप वेगळा, पहाटेचा जादा आकार वेगळा, केसातली फुलं वेगळी आणि फोटो काढणं फुकट पण फोटो हातात मिळणं वेगळं! कॅटलॉगवर १ लाख ३० हजार येन होते, शेवटी २ लाख १० हजारांवर गेलो, म्हणजे सव्वा लाख रुपयांच्या आसपास. तेव्हा कागद घेऊन बसा आणि या एकेका गोष्टीपुढे "आहे" किंवा "नाही" असं त्यांच्याकडूनच लिहून घ्या. कॅन्सल केलं तर कधीपर्यंत किती पैसे कापणार तेही.

"आजच सही केलीत तर हे डिस्काउंट" असं म्हणतील. घरी या, झोपा, दुसऱ्या दिवशी बघा. घरी येऊन किंवा फोनवर विकलेल्या गोष्टींना ८ दिवसांचं कूलिंग ऑफ, म्हणजे करार रद्द करायची मुभा असते, आपण स्वतःहून दुकानात जाऊन केलेल्या कराराला ती सहसा नसते. आणि पोरगी अठरा पूर्ण असेल तर तिने एकटीने केलेली सही पक्की, "लहान आहे हो" म्हणून आईबापांना रद्द करता येत नाही. काही अडलं तर १८८ हा ग्राहक मदतीचा नंबर आहे, इयाया असा लक्षात ठेवायचा, म्हणजे "नको बाई".

८ जानेवारी २०१८ ला काय झालं होतं ते इथले लोक विसरलेले नाहीत. योकोहामा आणि हाचिओजीकडच्या शेकडो मुली पहाटे तयार व्हायला गेल्या तर एका किमोनो कंपनीची दुकानं बंद, माणसं गायब, पैसे आधीच भरलेले. त्यामुळे एवढ्या आधी सगळी रक्कम रोख देऊ नका, जमेल तर हप्त्यात किंवा कार्डाने भरा आणि पावत्या जपून ठेवा.

५) माएदोरी, म्हणजे आधीच काढायचे फोटो

हे नक्की करा. सोहळ्याच्या दिवशी वेळ नसतो, पाऊस-बर्फ असू शकतो, त्यामुळे तोच किमोनो घालून काही महिने आधी स्टुडिओत फोटो काढतात. आम्ही ऑक्टोबरात केले. उन्हाळ्यात केलं तर स्वस्त पडतं पण मुलगी घामाने भिजते आणि पोहण्याच्या टॅनिंगच्या रेषा मानेवर दिसतात, कारण किमोनोची कॉलर मागे ओढून मान उघडी ठेवतात.

दुसरा फायदा असा की ही रंगीत तालीम होते. झोरी कुठे चावतात, ओबी किती आवळला की श्वास अडतो, हे तेव्हाच कळतं. आजी-आजोबा भारतातून येणार असतील तर त्यांना याच वेळी बोलवा. आम्ही जानेवारीत बोलावलं, ती चूक पुढे सांगते.

६) पिशवी

दुकान यादी देतं. साडीला परकर, ब्लाऊज आणि चार पिना पुरतात, इथे मात्र हे बघा:

- आतले कपडे: हादाजुबान, त्यावर नागाजुबान (याची कॉलर आधीच शिवलेली आहे ना ते बघा)
- एरिशिन, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारी पट्टी
- कोशिहिमो, म्हणजे बांधायच्या दोऱ्या, चार-पाच
- दातेजिमे, म्हणजे ओबीखाली बांधायचे पट्टे, दोन
- ओबीइता (पोटावरची पाटी) आणि ओबीमाकुरा (पाठीवरची उशी)
- ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे, स्वतःच्या मापाचे
- पातळ टॉवेल पाच
- किमोनो, ओबी, ओबीआगे (ओबीच्या वरच्या कडेचं कापड), ओबीजिमे (ओबीवरची दोरी), झोरी, पर्स, शाल

आणि दुकान सांगत नाही ते: कपडे वाळत घालायचे चिमटे चार, बँडेज, स्ट्रॉ, छोटा रुमाल, सेफ्टी पिना. कागदांत आमंत्रण पत्र, झाइर्यू कार्ड (परदेशी लोकांचं रहिवासी ओळखपत्र), दुकानाच्या कराराची कॉपी. पत्र हरवलं असेल तर बहुतेक ठिकाणी कार्ड दाखवून आत सोडतात, पण आदल्या आठवड्यात फोन करून विचारलेलं बरं.

सगळं सामान सोहळ्याच्या आठवडाभर आधी जमिनीवर मांडून यादीशी ताडा. आमची एक ताबी सापडेना, शेवटी सोफ्याखाली निघाली.

७) प्रत्यक्ष दिवस

आधी केस-मेकअप, मग नेसवणं. त्यामुळे घरातून निघताना समोरून बटणांचा शर्ट घालायचा, डोक्यावरून काढायचा टीशर्ट घातलात तर तासभर घालवून केलेला अंबाडा कसा वाचवणार? आत थर्मल घालायचं असेल तर मागून खोल गळ्याचं, नाहीतर मानेमागे काळी पट्टी दिसते.

किमोनोची डावी बाजू वर, उजवी आत. नेसवणाऱ्या बाई चुकणार नाहीत, पण तुम्ही घरी युट्यूब बघून प्रयोग करणार असाल तर हे डोक्यात कोरून ठेवा. उलट नेसवतात ते मेलेल्या माणसाला. लेक लहान असताना मी हौसेने तिला उलटा युकाता (सुती उन्हाळी किमोनो) नेसवून जत्रेला नेलं होतं, शेजारच्या आजी धावत आल्या आणि एक शब्द न बोलता लिफ्टपाशीच सोडून नीट करून दिला.

नेसून झाल्यावर हात वर करून बघा, दोनतीनदा बसून उठून बघा, खोल श्वास घ्या. दुखत असेल तर तिथेच सांगा, "इताई देस" म्हणायला लाजू नका. लेक लाजली आणि दुपारी तिला चक्कर आली. खाऊन मगच नेसा, आणि नंतर खायला एका घासात जाईल एवढे छोटे ओनिगिरी (भाताचे गोळे) करून द्या. मी पोळीचे रोल दिले होते, तेल लागेल म्हणून तिने हातही लावला नाही.

टॉयलेटला जाताना आधी दोन्ही बाह्या वर घेऊन चिमट्याने पुढे अडकवा, मग एकेक थर वेगवेगळा उचला, बाहेरचा आधी आणि आतला शेवटी. चिमटे यासाठी. खुर्चीत टेकून बसू नका, मागचा ओबी चपटा होतो. झोरीतून टाच थोडी बाहेर राहते ते बरोबर आहे, माप चुकलेलं नाही.

आता ती चूक. सासू-सासरे पुण्याहून आले, आम्ही सगळे नटूनथटून हॉलपर्यंत गेलो आणि दारात कळलं की पालकांना आत प्रवेश नाही. बऱ्याच ठिकाणी असंच असतं, हॉलमधे जागा फक्त मुलांपुरती. सासूबाई म्हणाल्या, अरे मुंज मुलाची आणि आईबाप मांडवाबाहेर? पत्रावर लिहिलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं. मग समोरच्या फॅमिली रेस्टॉरंटमधे दीड तास कॉफी पीत बसलो. काही शहरं ऑनलाईन दाखवतात, ते आधी बघून ठेवा. आत काय झालं ते लेकीकडून कळलं: महापौरांचं भाषण, दोघा मुलांनी वाचलेलं मनोगत, जुन्या शिक्षकांचे व्हिडिओ. गणिताच्या सरांचे केस पांढरे झालेले बघून म्हणे सगळा वर्ग ओरडला. उरायासू शहराची मुलं तेवढी नशीबवान, त्यांचा कार्यक्रम २००२ पासून तोक्यो डिस्नीलँडमधे होतो.

खरा सोहळा बाहेर आल्यावर असतो. तासभर सगळे नुसते हॉलसमोर उभे राहून फोटो काढतात आणि रडतात. आजी-आजोबांना तेव्हा भेटवा.

८) संध्याकाळची पार्टी

किमोनो उतरवून, साधे कपडे घालून जुन्या वर्गाची दोसोकाई असते. इथे परत जन्मतारीख बघा. वीस पूर्ण झाली नसतील तर सोहळा झाला असला तरी बिअर चालत नाही, आणि इझाकायात, म्हणजे जपानी पबमधे, ओळखपत्र मागतात. आमची लेक महिनाभर कमी म्हणून ऊलाँग चहा घेऊन बसली. परदेशी पासपोर्टवाल्यांनी तर "एवढंसं चालतं" म्हणणाऱ्यांच्या नादी लागूच नका.

९) परत करताना

डाग पडला तर पाण्याने चोळू नका, तसाच द्या आणि सांगा, काही सेटमधे त्याचा विमा असतो. केसातल्या पिना नीट मोजा, आमच्या चव्वेचाळीस निघाल्या.

१०) आणि मग येतं पेन्शनचं पाकीट

हे सेइजिनशिकीच्या कुठल्याच पत्रावर नसतं. विसावा वाढदिवस झाला की साधारण दोन आठवड्यांत कोकुमिन नेनकिनचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शनचं पत्र येतं. जपानात राहणाऱ्या २० ते ५९ वयाच्या सगळ्यांना लागू, विद्यार्थी आणि परदेशी धरून. २०२५-२६ चा हप्ता महिन्याला १७,५१० येन होता. पार्टटाईम काम करणाऱ्या पोराच्या पोटात गोळा येतो.

शिकत असाल तर गाकुसेइ नोफु तोकुरेइ हा अर्ज करा, हप्ते पुढे ढकलता येतात आणि १० वर्षांत कधीही भरता येतात. लागणारे कागद: पेन्शन नंबरचं पत्र, विद्यार्थी ओळखपत्राची दोन्ही बाजूंची कॉपी, माय नंबर (आपल्या आधारसारखा ओळख क्रमांक). सगळ्या भाषा-शाळा त्या यादीत नसतात, तुमची नसेल तर खिडकीवर कमी उत्पन्नाची सवलत विचारा, ती वेगळी आहे. काहीच न करता गप्प बसलात तर थकबाकी दिसते, आणि पुढे पर्मनंट रेसिडन्सीच्या वेळी हेच कागद काढून बघतात.

लेकीने ते पाकीट न उघडता कॅटलॉगच्या ढिगात टाकलं होतं, तिला वाटलं अजून एका किमोनो दुकानाची जाहिरात. हा अर्ज दरवर्षी नव्याने करावा लागतो, त्यामुळे आता एप्रिल आला की आमच्या फ्रीजवर चिठ्ठी लागते, "नेनकिन!!", आणि ती ज्या चिमट्याने अडकवते तो बाह्यांवालाच आहे.